विणीचे ऋण

आगगाडीच्या डब्यात खिडकीशी बसून एक बाई लोकरीचे विणकाम करीत आहे. सुया भराभर चालल्या आहेत आणि निळ्या लोकरीचा स्वेटर बोटाबोटाने वाढत आहे. समोरच्या बाकावरील बाईची नजर त्या सुयांवरून हालत नाही. बराच वेळ ती नुसती पाहत राहते आणि अखेर धीर करून विचारते, "अहो ताई, ही वीण कशी घातलीत हो?"

दोघींची ओळखदेख नाही. गावही एक नाही. तरी पहिली बाई किंचित सरकून तिला शेजारी जागा करून देते आणि सांगू लागते, "हे चार सुलट टाके आहेत ना, त्यांतले दोन वेगळ्या सुईवर उतरवून पुढे ठेवा. मागचे दोन आधी विणा आणि मग हे पुढचे दोन. वेणीसारखा पीळ पडतो बघा." पुढले मोठे स्टेशन येईपर्यंत दुसरीच्या हातांना ती वीण येऊ लागलेली असते. पहिलीने तिचे मोल मागितले नाही आणि दुसरीनेही ते विचारले नाही. एका गावची वीण अशा रीतीने दुसऱ्या गावी गेली. दिव्याने दिवा लावला म्हणून पहिल्या दिव्याचा उजेड कमी होत नाही. विद्येचेही तसेच आहे.

परंतु ही गोष्ट येथे संपत नाही. दुसरी बाई घरी जाते, त्याच विणीचा स्वेटर आपल्या मुलासाठी विणते आणि शेजारणी तिचे कौतुक करून विचारतात, "ही वीण कुठे गं शिकलीस?" या प्रश्नाला दोन उत्तरे देता येतात. "गाडीत एक बाई भेटल्या होत्या, त्यांनी शिकवली," हे एक, आणि "कुठे म्हणजे? माझ्याच डोक्यातून निघाली," हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी स्वेटरच्या उबेत काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसात. म्हणून ही दोन उत्तरे नीट पारखून पाहण्याजोगी आहेत.

विणकामाचे मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. क्रोशाच्या सुईचेही तसेच. साखळी, खांब आणि त्यांचे काही मोजके प्रकार. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून हजारो नमुने निर्माण झाले आहेत. मुळाक्षरे जशी सर्वांची, तसे हे टाके सर्वांचे. 'क' हे अक्षर माझे आहे, असे कोणी म्हणू लागला तर लोक त्याला हसतील. परंतु त्याच अक्षरांतून एखाद्याने कविता रचली, तर ती कविता त्याची असते. दुसऱ्याने ती आपल्या नावावर खपवली, तर लोक त्याला चोर म्हणतात. विणकामातही टाके साऱ्यांचे असतात आणि त्यांची एखादी नवी जुळणी मात्र कोणा एकाच्या बुद्धीची असते. हा भेद ध्यानात ठेवला, की पुढचा विचार सोपा होतो.

नॉर्वे देशात ट्रॉन्डहाइम शहराजवळ सेल्बू नावाचा एक परगणा आहे. तेथे हिवाळा मोठा कडक असतो. अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र, असे लोकरीचे जाड हातमोजे तेथे प्रत्येकाला लागतात. त्या परगण्यात मारित गुल्डसेटब्रुआ नावाची एक सोळा वर्षांची मुलगी होती. १८५७ साली तिने पांढऱ्या आणि काळ्या लोकरीचे हातमोजे विणले आणि त्यांच्या पाठीवर आठ पाकळ्यांचे चांदणीसारखे फूल काढले. एका रविवारी ती आणि तिच्या बहिणी तसले हातमोजे घालून चर्चमध्ये गेल्या. दोन रंगांतील ती चांदणी त्या भागातील लोकांना नवीन होती. प्रार्थनेला आलेल्या लोकांच्या नजरा त्या हातमोज्यांवर खिळल्या, असे तेथे आजही सांगतात.

मारितने आपला नमुना पेटीत कुलूप लावून ठेवला नाही. मैत्रिणींनी तो पाहिला, टाके मोजले, घरी जाऊन विणला. कोणी चांदणीभोवती वेलबुट्टी घातली, कोणी मनगटाची पट्टी निराळी केली, कोणी अंगठ्यावर लहानशी नक्षी काढली. हा हा म्हणता साऱ्या परगण्यात ती चांदणी पसरली. लग्नकार्यात असे हातमोजे भेट देण्याची चाल पडली. पुढे हे हातमोजे परगण्याबाहेर विकले जाऊ लागले, आणि ज्या घरी शेतीवर भागत नव्हते, त्या घरी त्यांच्या विक्रीतून चार पैसे येऊ लागले. आज सेल्बू परगण्याच्या मानचिन्हावर तीन चांदण्या आहेत, त्या याच हातमोज्यांवरच्या. आने बोर्ड्सगोर्ड या बाईंनी तेथील जुन्या हातमोज्यांचे नमुने गोळा करून त्यांवर २०१६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका मुलीने आपली वीण वाटली आणि तिच्यावर एक गाव उभे राहिले.

या हकिकतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सेल्बूचे लोक मारितचे नाव विसरले नाहीत. तिचे हातमोजे पाहून ज्यांनी आपापले नमुने केले, त्यांनी 'ही चांदणी आम्हीच प्रथम आणली' असा कांगावा केला असता, तर त्या मुलीचे नाव केव्हाच पुसले गेले असते. परंतु आईने मुलीला विणकाम शिकवताना मारितची गोष्टही शिकवली. टाक्यांबरोबर नावही पुढे गेले. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही, दूरदेशीच्या मुलांना ते नाव वाचावयास मिळते.

येथे कोणी विचारील, 'आठ पाकळ्यांची चांदणी मारितने थोडीच शोधून काढली?' हा आक्षेप खरा आहे. ही चांदणी फार जुनी आहे. युरोपात सोळाव्या शतकात छापलेल्या भरतकामाच्या पुस्तकांत ती सापडते आणि इतर अनेक देशांच्या कापडांवरही ती दिसते. मारितला ती कोठून तरी मिळालीच असणार. परंतु तिने ती हातमोज्यावर आणली, दोन रंगांत बसवली आणि आपल्या माणसांना तिची गोडी लावली. तेवढे श्रेय तिचे. त्याहून अधिक नव्हे आणि त्याहून कमीही नव्हे. श्रेय देणे म्हणजे भाटगिरी करणे नव्हे. ज्याचे जेवढे, तेवढे त्याच्या पदरात घालणे, हेच खरे श्रेय देणे होय.

एलिझाबेथ झिमरमन या विणकामात निष्णात असलेल्या बाई इंग्लंडमध्ये जन्मल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. विणकामाच्या कितीतरी नव्या रीती त्यांनी लोकांना शिकवल्या. परंतु 'हा शोध माझा' असे म्हणण्यास त्यांची जीभ रेटत नसे. त्यांनी 'शोध लावणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला मुरड घालून एक नवाच गमतीचा शब्द बनवला. त्याचा भाव असा, की इतक्या जुन्या कलेत अगदी नवे ते काय असणार? कोठल्या तरी काळी, कोठल्या तरी आजीबाईच्या सुयांनी हे केलेच असेल. ते आज पुन्हा हाती लागले, एवढेच. ज्यांना खूप येते, त्यांच्या ठिकाणी असा विनय शोभून दिसतो. मात्र हा विनय ज्याने त्याने स्वतःसाठी वापरावयाचा असतो. दुसऱ्याचा नमुना उचलून, 'कोणीतरी पूर्वी केलेच असेल' असे म्हणत त्याचे नाव गाळणे, हा विनय नव्हे. ती पळवाट होय.

त्याच अमेरिकेत बार्बरा वॉकर या लेखिकेने १९६८ साली विणींचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात शेकडो विणी होत्या. तो पाहून ठिकठिकाणच्या विणणाऱ्या स्त्रियांनी आपापल्या विणी त्यांच्याकडे पाठवल्या आणि १९७० साली दुसरा संग्रह निघाला. या दुसऱ्या संग्रहात, दुसऱ्यांकडून आलेल्या विणींपाशी त्या पाठवणाऱ्यांची नावे छापली आहेत. पुस्तकावर नाव वॉकरबाईंचे असले, तरी आतील पानांवर इतरांची नावे नांदत आहेत. यामुळे लेखिकेचा मोठेपणा कमी झाला काय? मुळीच नाही. उलट आपले नाव जपले जाईल असा विश्वास असला, म्हणजे लोक आपल्याजवळचे उत्तमातले उत्तम देऊन टाकतात. श्रेय दिल्याने देणाऱ्याचा हात सैल होतो. श्रेय बुडवल्याने तो आखडतो.

हात आखडण्याची कारणे मात्र नेहमीच क्षुद्र असतात असे नाही. आयर्लंडमध्ये १८४५ सालापासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. त्या दिवसांत क्लोन्स या गावी कॅसँड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने गोरगरीब स्त्रियांना क्रोशाची जाळी विणण्यास शिकवण्याची सोय केली. ते साल होते १८४७. गुलाब, द्राक्षांचा वेल, तीन पानांची शॅमरॉक वनस्पती अशा आकृत्या वेगवेगळ्या घरी विणल्या जात आणि मग त्या एकत्र जोडून सुंदर जाळी तयार होई. एकेका कुटुंबाची एकेक आकृती ठरलेली असे, आणि पाहुणा दारात आला की हातातले काम झाकून ठेवीत, असे सांगतात. आकृती शेजारी गेली तर मागणी शेजारी जाईल आणि आपल्या घरची चूल विझेल, ही त्यांना धास्ती होती.

त्या बायांना कोणी कद्रू म्हणू नये. ज्याच्या घरी भाकरीची भ्रांत आहे, त्याला उदारपणाचा उपदेश करणे सोपे असते. तथापि या लपवण्याचा एक परिणाम झाल्याशिवाय राहत नाही. जी वीण एकाच घरी राहते, ती त्या घराबरोबर संपते. शेवटची जाणती बाई गेली, की तिच्या बोटांतले ज्ञानही तिच्याबरोबर मातीआड होते. सेल्बूची चांदणी घराघरांतून गेली म्हणून टिकली. कुलपात राहिलेली फुले मात्र कुलपातच सुकतात. म्हणून ज्याला आपली विद्या वाटावीशी वाटावी, अशी परिस्थिती त्याच्याभोवती निर्माण करणे हे समाजाचे काम आहे. त्याची भाकर आणि त्याचे नाव, या दोन्ही गोष्टी सुरक्षित असल्या, तर बहुतेक माणसे आपणहून उदार होतात.

परंतु ही दोन्हीही अनेकदा विणणारीच्या वाट्याला येत नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तरेस फेअर आइल नावाचे एक चिमुकले बेट आहे. रंगीबेरंगी नक्षीच्या स्वेटरांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९२२ साली इंग्लंडच्या राजपुत्राने तसला स्वेटर घालून गोल्फचा खेळ खेळला आणि पाहता पाहता त्या स्वेटरांना जगभर मागणी आली. राजपुत्राचे नाव साऱ्यांच्या ध्यानात राहिले. ज्या बाईने रात्ररात्र बसून टाके घातले असतील, तिचे नाव सहसा कोणी घेत नाही.

असे दूर जाण्याचेही कारण नाही. आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना क्रोशाची जाळी विणण्यास शिकवले. पुढे तो त्या मुलखाचा मोठा व्यवसाय झाला. त्या जाळ्या परदेशी जाऊ लागल्या. मारिया मीस या विदुषीने या स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करून १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसचे दिवस सुई चालवणाऱ्या या स्त्रियांना कोणी कारागीर मानीत नसे. 'घरी बसलेल्या बायका, फावल्या वेळात काहीतरी विणतात' असेच समजले जाई, आणि त्यामुळे मजुरीही अगदी अल्प मिळे, हे त्यांनी दाखवून दिले. नाव न देण्याचा परिणाम केवळ मानापुरता राहत नाही. तो पोटापर्यंत जाऊन पोहोचतो. २०२४ साली नरसापूरच्या या जाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता त्या नावाने दुसरीकडचा माल विकणे कायद्याला धरून होणार नाही. गावाला श्रेय मिळाले, हे चांगलेच झाले. ते प्रत्येक विणणारीच्या हातापर्यंत पोहोचावे, हे काम अजून उरले आहे.

वाटणे आणि श्रेय देणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असे काहींना वाटते. महाराष्ट्रातील माणसाला तरी तसे वाटू नये. तुकोबांचे अभंग कोणीही गावे. त्यांना ना दाम लागतो, ना परवानगी. खेड्यातला शेतकरी आपल्या चालीत गातो, शहरातला गवई आपल्या रागात गातो. परंतु शेवटच्या चरणातील 'तुका म्हणे' ही नाममुद्रा कोणी वारकरी गाळीत नाही, आणि तिच्या जागी स्वतःचे नाव घालण्याचा विचारही त्याच्या मनाला शिवत नाही. अभंग साऱ्यांचा झाला आणि नाव तुकोबांचेच राहिले. जात्यावरच्या कितीतरी ओव्यांची कर्ती मात्र कोणाला ठाऊक नाही. त्या गाताना बाया म्हणतात, 'आमच्या आईच्या तोंडून ऐकली.' हेही श्रेयच होय. नाव ठाऊक नसेल, तेव्हा जेथून मिळाले ते ठिकाण सांगावे.

आजच्या काळात एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. काही जणी नवे नमुने रचण्याचाच व्यवसाय करतात. चौकटींच्या कागदावर नक्षी मांडावयाची, ती विणून पाहावयाची, चुकली की उसवावयाची, पुन्हा विणावयाची, आणि मग प्रत्येक ओळीचे टाके मोजून लिहून काढावयाचे. यात आठवडेच्या आठवडे जातात. असा लिहिलेला नमुना त्या विकतात आणि त्यावर त्यांचा चरितार्थ चालतो. एकीने तो विकत घेतला आणि त्याच्या पन्नास प्रती काढून वाटल्या, तर ते औदार्य होईल काय? दिसावयास ते औदार्यच दिसते. पण हे दुसऱ्याच्या कोठीतले धान्य आपल्या हाताने दान करण्यासारखे आहे. दान करावयाचे ते स्वतःचे. टाका कसा घालावा हे हवे त्याला शिकवावे, हवी ती मदत करावी, स्वतः रचलेला नमुना खुशाल वाटावा. दुसरीच्या श्रमाचा कागद मात्र तिला विचारल्यावाचून वाटू नये.

यावरून श्रेय देण्याची साधी रीत ठरवता येते. कर्ता ठाऊक असेल, तर त्याचे नाव घ्यावे. कर्ता ठाऊक नसून गाव किंवा मुलूख ठाऊक असेल, तर त्याचे नाव घ्यावे. दोन्ही ठाऊक नसतील, तर 'मला ठाऊक नाही, एका ठिकाणी पाहिले' असे सरळ सांगावे. रिकामी जागा आपल्या नावाने भरू नये. आणि दुसऱ्याच्या नमुन्यात स्वतः काही भर घातली असेल, तर तेही संकोच न करता सांगावे. कारण स्वतःचे खरे श्रेय नाकारणे हेही सत्याला धरून नाही.

ही रीत लोकरीपुरतीच आहे असे मात्र नाही. शाळेतील मुलगा मित्राच्या वहीतून गणित उतरवून घेतो, मुलगी बहिणीने काढलेली रांगोळी स्पर्धेत काढते, कोणी पुस्तकातील वाक्य निबंधात घालते. शिकण्यासाठी दुसऱ्याचे पाहावेच लागते. त्यात कमीपणा नाही. जगातील सारी विद्या अशीच एका हातातून दुसऱ्या हातात आली आहे. कमीपणा आहे तो घेतल्यावर तोंड फिरवण्यात. 'हे मला अमक्याने शिकवले' हे एवढेसे वाक्य बोलावयास क्षणही लागत नाही. पण पुष्कळांच्या ओठांवर ते अडते; आपले कौतुक निम्मे होईल, अशी भीती वाटते. प्रत्यक्षात मात्र कौतुक निम्मे होत नाही; ऐकणाऱ्याचा विश्वास तेवढा वाढतो.

आगगाडीतील ती दुसरी बाई आपल्या अंगणात उभी आहे. मुलाच्या अंगावर निळा स्वेटर आहे, त्याच्या छातीवर वेणीचा सुरेख पीळ पडला आहे, आणि शेजारीण उत्तराची वाट पाहत आहे. "गाडीत एक बाई भेटल्या होत्या. नाव विचारायचे राहूनच गेले बघा, पण शिकवले मात्र त्यांनीच," असे ती म्हणाली, तर ती अनोळखी बाई तेथे नसतानाही तिचे देणे फिटते. शेजारीणही मग सुया घेऊन तिच्याजवळ बसेल, वीण शिकेल आणि पुढच्या कोणाला तरी हीच गोष्ट सांगेल. वीण पुढे जाईल आणि तिच्याबरोबर कृतज्ञताही पुढे जाईल.